गळलेला मजकूर

देवाने जगाची पहिली आवृत्ती घाईघाईत छापून टाकली, तिची प्रुफं कुणी तपासलीच नाहीत आणि आता ते काम आपल्या गळ्यात येऊन पडलेलं आहे, अशी पक्की समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमचा मद्रासचा घरमालक होता. घरमालक म्हटलं की भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज येताच धावत येणारा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. आमचे घरमालकही आले. सोलापूरहून बदली होऊन आम्ही एग्मोर स्टेशनामागच्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, त्याच दिवशी बाबांनी दारावर नावाची पाटी लावली आणि पाचव्या मिनिटाला हे जिना चढून वर हजर झाले. बाबा खिळ्याबद्दल सारवासारव करायच्या बेतात होते. पण खिळ्याविषयी अवाक्षर न काढता त्यांनी पाटी वाचली, खिशातून तांबडी पेन्सिल काढली, बाबांच्या नावाखाली कावळ्याच्या पायासारखी एक छोटी खूण केली आणि विचारलं, "राव, बाईसाहेबांचें नांव काय?" लिहिताना मध्ये काही राहून गेलं की खाली करतात ती खूण, काकपद. आईने लाजत नाव सांगितलं, ते त्यांनी पाटीवर लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हें लेकरूं?"

तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि बोलताना अडखळायचे. सगळ्यात जास्त स्वतःच्या नावाशी. पहिलं अक्षर तोंडात घट्ट बसायचं आणि हलायचंच नाही. अशा वेळी समोरचा माणूस काय करतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तो तुमचा शब्द तुमच्या आधी उरकून टाकतो आणि वर उपकार केल्यासारखा हसतो. आईसुद्धा पुढे सरसावली होती. घरमालकांनी डाव्या हाताने तिला थांबवलं आणि पेन्सिल पाटीला टेकवून ते उभे राहिले. घाई नाही, कीव नाही, भिंतीकडे बघणं नाही. मी नाव पूर्ण केलं तेव्हा त्यांनी ते लिहिलं, पाटी पुन्हा एकदा वाचली, "सरि, आतां पास!" म्हणाले आणि खाली निघून गेले. आईने ती पाटी आम्ही मद्रास सोडेपर्यंत बदलू दिली नाही.

मद्रासेत कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला मामा म्हणायची पद्धत, म्हणून तेही आमचे मामा झाले. त्यांचं घराणं तंजावरकडचं. पिढ्यान् पिढ्या जपलेलं त्यांचं मराठी जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखं होतं आणि त्याला चाल मात्र तमिळची, 'ठीक आहे'च्या जागी तर सदा 'सरि'. "राव, स्नान जालें कां? मोटर बंद करितों, सरि?" अशी जिन्याखालून हाक आली की बखरीतला कुणी कारकून आपल्या पाण्याचा हिशेब ठेवतो आहे, असं बाबांना वाटायचं. हे कारकून गिंडीच्या एका छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासत होते. छापखाना कारखान्यांची यंत्रांची माहितीपुस्तकं छापायचा आणि त्याबरोबर मोठ्या मुलांसाठीच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांच्या स्वस्त आवृत्त्या. म्हणजे मामा सकाळी पंपाचे भाग तपासायचे आणि दुपारी राक्षसांचे. दोन्ही कामं ते सारख्याच गांभीर्याने करत, आणि राक्षसाला एकदा चार व एकदा पाच बोटं असलेली आढळली तर पंपातला वॉशर हरवल्याइतकेच अस्वस्थ होत.

घरी आल्यावरही तांबडी पेन्सिल काही खाली ठेवली जात नसे. औषधाच्या बाटलीवरचा कागद, रेशनच्या दुकानातली सूचना, देवळाच्या उत्सवाचं पत्रक, काहीही तिच्यातून सुटायचं नाही. मामी दारापुढे कोलम, म्हणजे तिकडची ठिपक्यांची रांगोळी, काढायच्या, त्याचंही प्रूफ मामा उंबऱ्यात उभं राहून तपासत आणि राहिलेला ठिपका वाकून स्वतः घालत. रोज एक ठिपका राहायचाच. इतकी वर्षं कोलम काढणाऱ्या बाईचा रोज एक ठिपका कसा राहतो, याचं मला नवल वाटे. एकदा विचारलं तेव्हा मामी पदरात हसून म्हणाल्या, "मीच ठेवितें गे. नाहीं तर पेपर सोडून हे उठतात कोठें?" मामांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. चुकांविषयी त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते कुणालाही, अगदी भाजीवालीलाही ऐकवत. "चुकलें तें डोळ्यांस खुपतें. गळलें तें दिसतच नाहीं. म्हणून गळलेल्याचा शोध अगोदर."

त्यांच्या व्हरांड्यात एक लांबलचक फळी होती आणि तिच्यावर छापखान्यातून आलेल्या कादंबऱ्या. छापखाना काही धडधाकट पुस्तकं वाटत नसे. बांधणीत ज्यांचा सोळा पानांचा एक अख्खा फर्मा गळला, उलटा लागला किंवा दोनदा लागला, अशी बाद पुस्तकं मामांच्या पिशवीत पडत. त्यामुळे फळीवरच्या प्रत्येक राजपुत्राच्या आयुष्यात सोळा पानांचं भगदाड होतं. तो गुहेत शिरायचा आणि पुढच्या पानावर एकदम लग्नाला उभा राहायचा. गल्लीतली आम्ही पोरं ही पुस्तकं न्यायचो, मधलं काय झालं असेल यावर भांडायचो आणि आणून द्यायचो. परत घेताना पुस्तक आवडलं का, असं मामा कधीच विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच. "त्यांत तूं होतीस कां?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा म्हातारा जरा हललेला आहे असंच मला वाटलं. परदेशी जंगलातल्या पऱ्यांत मी कशाला असेन? मामांना मात्र यात काहीही विनोदी वाटत नव्हतं. हजारो प्रती छापायच्या, त्या इथल्या पोरांच्या हाती द्यायच्या आणि आत त्यांच्यातलं एकही माणूस ठेवायचं नाही, हा त्यांच्या मते धडधडीत मुद्रणदोष होता. कुणी "नव्हते" म्हणालं की ते पुस्तकांसाठी राखलेलं तांबडं पेन उघडून म्हणत, "कोठें घालूं, दाखीव." मग आपण पान दाखवायचं, मामा तिथे काकपद काढायचे आणि समासात, मुंगीएवढ्या सुरेख इंग्रजी अक्षरांत, सोनेरी केसांच्या राजकन्येशेजारी खोबरेल तेल लावलेल्या दोन वेण्यांची एक मुलगी येऊन उभी राहायची. नुसती उभी नाही, तिला काम असायचं. "काम नसेल तर तें माणूस नव्हे गे, तें झाड."

हे सगळं फार सरळ असावं असं वाटेल, पण तसं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी फुलं विकणाऱ्या बाईंची सेल्वी ही माझी मैत्रीण, रंगाने अगदी काळीभोर. या कादंबऱ्यांत दुष्ट तेवढे काळे असतात हे मामांच्या लक्षात आल्यावर ते इतके खवळले, की दोन रविवार बसून त्यांनी फळीवरची सगळी दुष्ट मंडळी पांढरीफटक करून टाकली. काळ्या झग्यांना चुना लागला. 'काळोखासारखं मन' होतं तिथे 'ताकासारखं मन' आलं. मोठ्या अपेक्षेने त्यांनी सेल्वीला पुस्तक दिलं, तर तिने दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या पुढ्यात आपटलं. तिला दुष्ट राणीच व्हायचं होतं! राणीला किल्ला होता, सैन्य होतं, सगळ्यात चांगले कपडे होते, आणि मामांनी ते सगळं एका गोऱ्या बाईला देऊन टाकलं होतं. "चांगली माणसं नुसती चालतच असतात, मामा," ती म्हणाली. मामांनी दोन दिवस तांबडी पेन्सिल खिशातून काढली नाही. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून म्हणाले, "तूं म्हणतेस तें खरें. दुष्टपणांतही सर्वांस वाटा पायजे." आणि सेल्वीला तिचं सिंहासन मिळालं.

गल्लीतल्याच युसुफच्या बाबतीत तर ते साफ चुकले. त्याला लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. मामांनी त्याला राक्षसाच्या पाठीवर स्वार केलं आणि प्रेमाच्या भरात शेवटच्या पानावर एका जादूच्या झऱ्यात त्याचा पाय बरा करून टाकला. युसुफने पुस्तक शांतपणे परत केलं. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "होतो. शेवटच्या पानापर्यंत होतो. तिथे दुसराच कुणीतरी आला." मामांचा चेहरा उतरला. इतका मोठा माणूस एका दहा वर्षांच्या मुलापुढे ओशाळलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी झऱ्याच्या ओळी खोडल्या, युसुफचा बूट त्याला परत दिला आणि समासात स्वतःसाठी बारीक अक्षरांत लिहून ठेवलं, 'विचारल्याशिवाय दुरुस्ती करूं नये.'

माझी अडचण वेगळीच होती. या कादंबऱ्यांत मंत्र म्हणावे लागतात, आणि मंत्र एका दमात, न अडखळता म्हणावा लागतो, एक अक्षर घसरलं की म्हणणाऱ्याचा बेडूक होतो. म्हणजे जादूच्या राज्यात माझा सरळसरळ बेडूकच! हे मी मामांना सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ते ओळखलं असावं. एक दिवस त्यांनी मला समोर बसवून छापखान्यातली रीत समजावली. प्रूफ एकट्याने तपासायचं नसतं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. वाचणाऱ्याला तिथे कॉपीहोल्डर म्हणतात. "तूं माझी कॉपीहोल्डर." मी घाबरून मान हलवली, नको म्हणून. तर तमिळमधल्या लाडाच्या हाकेने म्हणाले, "भराभरा वाचणारा कामाचा नाहीं, कण्णू. तो गळलेलेंही वाचून जातो. तूं प्रत्येक अक्षरापाशीं थांबतेस. मला तीस वर्षांत असा वाचक मिळाला नाहीं." पुढची तीन वर्षं दर रविवारी मी त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचलं. ज्या गोष्टीसाठी शाळेत मला शेवटच्या बाकावर बसवत, तिच्यासाठी इथे मला खास वेताची खुर्ची होती.

वाचायचं ते त्यांच्याच कादंबरीचं हस्तलिखित. लोकांच्या पुस्तकांत माणसं घुसवून घुसवून मामांना समास पुरेनात, म्हणून त्यांनी स्वतःच एक लिहायला घेतली होती. इंग्रजीत, कारण गल्लीतल्या सगळ्या पोरांना ती भाषा सारखीच कच्ची येत होती, म्हणजे कुणावर अन्याय नाही. कथा सोपी होती. दुपारी समुद्रावरून येणारा वारा, ज्याच्यासाठी अख्खं मद्रास खिडक्या उघडून बसतं, तो एका राणीने डोंगरात कोंडून ठेवला आहे आणि मुलं त्याला सोडवायला निघाली आहेत. राणी अर्थातच सेल्वी. वाटेवरच्या राक्षसांना बुटाच्या खणखणाटानेच ओळख देणारा सेनापती युसुफ. आणि माझा मंत्र जितक्यांदा अडखळेल तितक्या पट लागू व्हायचा. मी 'दा-दा-दार उघड' म्हटलं की तीन दारं उघडत. आमच्या सैन्याला दारांची टंचाई कधीच भासली नाही. अडचण एवढीच, की गल्लीत नवं मूल राहायला आलं की मामा त्याला वाटेत सामील करून घेत, त्याची चौकशी करत, त्याला काम देत, आणि डोंगर पुन्हा दोन मुक्काम लांब जाई. पोरं तेवीस झाली तेव्हा मामींनी दम भरला, तेव्हा कुठे वारा सुटला आणि हस्तलिखित एग्मोरच्याच एका प्रकाशकाकडे गेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तीस वर्षांत मामांच्या हाताखालून शेकडो पुस्तकं गेली, पण प्रूफ तपासणाऱ्याचं नाव पुस्तकात कुठेही छापत नाहीत. गळलेल्यांच्या शोधात जन्म काढलेल्या या माणसाचं स्वतःचं नाव आजवर कुठल्याही कागदावर छापून आलेलं नव्हतं. तसं ते कधी बोलले नाहीत. मामी बोलल्या, माझ्या आईजवळ. "एकदां यांचें नांव छापलेलें पाहीन, मग पुरे."

एका रविवारी दुपारी चार वाजता आम्ही जमलो तेव्हा मामांच्या हातात जाडजूड पाकीट होतं. त्यांनी ते न फोडता माझ्याकडे दिलं. वाचायचं काम माझं. पत्राबरोबर एक कोरा करकरीत कागद निघाला, नमुन्यादाखल छापलेलं मुखपृष्ठाच्या आतलं पान. वर कादंबरीचं नाव आणि खाली, ठळक अक्षरांत, मामांचं. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी पान हातात घेतलं, त्यावर अंगठा फिरवला आणि पहिल्यांदाच एखादा छापील कागद पेन्सिलीविना वाचला.

मी पत्र वाचू लागले. प्रकाशकाला कादंबरी आवडली होती, वर्षाच्या आत ती छापायची त्याची तयारी होती. फक्त तेवीस मुलं फार होतात, नायक एकच ठेवावा आणि जोडीला दोन. सेनापतीचा पाय शेवटी बरा व्हावा, वाचकांना बरं वाटतं. राणी उजळ केली तर चित्रकाराला सोयीचं. आणि एका पात्रामुळे वाचनाची गती मंदावते, ते काढून टाकावं, ती अडखळणारी... त्या शब्दाशी मी अडकले. पहिलं अक्षर सुटेचना. पुढचे शब्द मला डोळ्यांनी दिसत होते. सेल्वीला, युसुफला, सगळ्यांना कळलं होतं कुणाबद्दल आहे ते. कुणीही बोललं नाही. मामा बोट गुडघ्यावर टेकवून, प्रूफ ऐकताना बसत तसे, माझ्याकडे बघत बसून राहिले. मी तो शब्द पूर्ण केला, वाक्य पूर्ण केलं, पत्र पूर्ण केलं.

आणि मग मी म्हटलं, "मामा, मला काढा." मला खरंच तसं वाटत होतं. त्यांचं नाव छापलेलं त्या पानावर मी पाहिलं होतं. युसुफ म्हणाला, "माझा पाय बरा करा, मी काही बोलणार नाही." सेल्वीने नाक उडवून सांगितलं की ती एका पुस्तकापुरती गोरी व्हायला तयार आहे. मामांनी त्या पानाकडे पाहिलं. मग त्यांनी मामींकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "तांबडें पेन आण गे." त्यांनी प्रकाशकाचं पत्र मांडीवर घेतलं आणि तपासलं. 'एकच नायक' लिहिलं होतं तिथे काकपद काढून समासात उरलेल्या बावीस जणांची नावं वयानुसार घातली. पत्राच्या शेवटी टंकलेखकाचं नाव नव्हतं, तिथेही काकपद आणि प्रश्नचिन्ह. छापील पान घडी न घालता त्याच पाकिटात ठेवलं.

"अहो, तें एक पान तरी ठेवा," मामी म्हणाल्या. "भिंतीस लावीन."

"पास न जालेलें प्रूफ घरांत ठेवूं नये."

"तुमचें नांव आहे हो त्यावर!"

मामांनी पाकीट बंद केलं. "गळलेलें शोधण्यांत माझा जन्म गेला. आतां माझ्या नांवासाठीं मीच पोरें गाळूं?"

मामी आत निघून गेल्या आणि भांड्यांचे आवाज आले. पुढचे आठ दिवस कोलममध्ये सगळे ठिपके जागच्या जागी होते. मामा रोज दारात येऊन उभे राहत, चूक सापडत नसे, आणि बिचारे परत जात. नवव्या दिवशी एक ठिपका राहिला तेव्हा आम्हा वरच्या मजल्यावरच्यांनाही हायसं वाटलं. प्रकाशकाने दोन ओळींच्या पत्रासह हस्तलिखित परत पाठवलं. त्या दोन ओळींत मात्र टंकलेखकाने आपलं नाव घातलेलं होतं, हे मामा पुढे कित्येक महिने विजय मिळाल्यासारखे सांगत होते.

पुढे बाबांची बदली झाली, आम्ही पुण्याला आलो. मी शाळेत शिकवू लागले. अजून अडखळते, मुलं वाट बघायला शिकतात. सात-आठ वर्षांनी सुट्टीत मी मद्रासला गेले. सेल्वी वकील झाली होती, राणीपणाचा अनुभव कामी येतो म्हणाली. युसुफ शहराबाहेरच्या आवडी गावातल्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत होता. मामा व्हरांड्यातच होते, पण काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. माझ्या पायांचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "कॉपीहोल्डर आली. शेवटचें प्रूफ राहिलें आहे गे." हस्तलिखित मामींनी फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. मला वाटलं होतं तेवीसच पोरं असतील. ओळींच्या मध्ये काकपदं घालून घालून ती एकेचाळीस झाली होती.

चार सकाळी मी वाचत होते आणि मामा गुडघ्यावर बोट सरकवत ऐकत होते. समोर कागद नव्हता, तरी बोट ओळ सोडत नव्हतं. शेवटचं दार उघडलं, वारा सुटला, आणि मी पानं जुळवायला घेतली तेव्हा पहिलं पान वर आलं. मामांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. वर कादंबरीचं नाव. खाली एकेचाळीस मुलांची नावं, माझंही त्यांत. आणखी काही नाही.

"मामा," मी म्हटलं, "इथे मजकूर गळलाय."

ते एकदम ताठ बसले. "अय्यो! कोठें?"

मी तांबडं पेन घेतलं, काकपद काढलं आणि लिहिलं. मामी दारात येऊन उभ्या होत्या. पेनाचा आवाज थांबल्यावर मामा म्हणाले, "घातलेलें मोठ्यानें वाच. रीत आहे." मी वाचायला तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षराशी अडकले. मामांचे ओठ किंचित हलले. त्यांना कळलं होतं. पण बोट गुडघ्यावर टेकवून ते थांबले, नेहमीसारखेच, आणि स्वतःचं नाव असूनही त्यांनी ते माझ्या आधी म्हटलं नाही.